डिजिटल वर्नियर, आठ महिने वापरून झाल्यावर (मेकॅनिकलच्या पोरांसाठी)

जुलैत थर्ड इयर सुरू झालं तेव्हा घेतला. वर्नियर म्हणजे जबड्यात जॉब (ज्या तुकड्यावर काम करतोय तो) धरून माप घ्यायचं साधन, डिजिटलमध्ये आकडा स्क्रीनवर येतो. १५० मिमीचा, स्टीलचा, हजाराच्या आसपास पडला. ब्रँडचं नाव सांगत नाही, असले पाच-सहा ब्रँड एकाच साच्यातनं निघाल्यासारखे दिसतात. लॅबमध्ये वर्नियर चार आणि बॅचला पोरं वीस, त्यामुळं आपला हात लागेस्तोवर प्रॅक्टिकल संपतं. शिवाय मामाचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, शिरोलीच्या फौंड्र्यांतनं कास्टिंग (ओतीव माल) येतं ते मशीनिंग करून द्यायचं, सुट्टी असली की मी तिथंच पडीक.

पहिले दोन महिने लई खूश होतो. बटण दाबलं की झिरो, बटण दाबलं की इंच. मामाकडची जुनी माणसं अजून सूतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बोलतात, कुणी "तीन सूत सोड" म्हटलं की पूर्वी डोकं खाजवायचो, आता ९.५२ दिसेपर्यंत सरकवायचं आणि गप्प बसायचं.

मग दिवाळीच्या सुट्टीत बांबू बसला. एका फ्लँजचा १०० मिमीचा स्पिगॉट (दुसऱ्या भागाच्या भोकात बसणारा गोल उंचवटा), फिट लहान एच७ म्हणजे १०० च्या वर अजिबात नाही आणि खाली ३५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) चालतंय. मी फायनल कट मारला, लगेच वर्नियर लावला, बरोब्बर १००.०० दाखवतोय, फोटोपण काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामानं मायक्रोमीटर लावला तर ९९.९५. मला वाटलं वर्नियर गंडलाय. मामा म्हणाला, "आरं, थंड तर हुं दे की त्याला आधी!" जॉब हाताला चटका बसण्याइतका गरम होता. स्टील एका डिग्रीला मीटरमागं साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे १०० मिमीला ४० डिग्रीचा फरक धरला तर ४६ मायक्रॉन तिथंच गेले. थर्मल एक्सपान्शनची ही गणितं मी पेपरात सोडवलेली, मार्कपण मिळालेले, पण लेथसमोर उभं राहिल्यावर एक अक्षर आठवलं नाही.

आणि त्यात वर्नियरचीपण चूक आहेच, ती मला नंतर कळली. स्क्रीनवर ०.०१ पर्यंत आकडा दिसतो म्हणून आपण त्याच्यावर विश्वास टाकतो, पण सोबतच्या कागदावर बारीक अक्षरात ॲक्युरसी अधिक-उणे ०.०२ लिहिलीय. म्हणजे ४० मायक्रॉनचा झोल याचा स्वतःचाच, आणि मी मोजतोय ३५ मायक्रॉनचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक)! २५ मिमीचं, मोठ्या एच७ चं बोअर (भोक) असेल तर टॉलरन्स फक्त २१, तिथं तर हा खिशातच ठेवायचा. असल्या कामाला मायक्रोमीटर, बोअर गेज, नाहीतर प्लग गेज.

अजून एक, जबड्याच्या टोकात जॉब धरून जरा जोर दिला की रीडिंग कमी येतं. तोच जॉब आत, पट्टीच्या जवळ धरा, वेगळं येतं. ॲबेचं तत्त्व व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारतात ते हेच, स्केल आणि मोजमाप एका रेषेत नाही म्हणून जबडा किंचित कलतो. हे मात्र घरी एक बेअरिंग घेऊन पाच मिनिटांत करून बघता येतं.

बाकी तक्रारी. कूलंट किंवा पाणी स्केलवर गेलं की आकडे वेड्यासारखे उड्या मारतात, पुसून वाळवल्याशिवाय भागत नाही. कास्ट आयर्नची काळी भुकटी स्लायडरमध्ये शिरते, मग कचकच. पावसाळ्यात दोन दिवस बॅगेत राहिला तर जबड्याला गंज दिसायला लागला, तेव्हापासनं तेलाचा बोळा फिरवूनच ठेवतो. सेल तर खातोच, ऑफ केल्यावर फक्त डिस्प्ले बंद होतो, आतलं सर्किट चालूच असतं. एलआर४४ या बटण सेलऐवजी त्याच मापाचा एसआर४४ टाकला तर बरेच दिवस जातात, आणि आकडे मिचकायला लागले की सेल संपत आलाय समजायचं.

घ्यायचा का? फर्स्ट, सेकंड इयरवाल्यांनी आधी साधा, बिनस्क्रीनचा ०.०२ चा घ्या. ४९ मिमीचे ५० भाग कसे पाडलेत आणि लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) कुठनं येतो हे विचारणारच, आणि डिजिटलवाल्याची तिथं दातखीळ बसते, माझी बसली. रोज वर्कशॉपला जात असाल तर डिजिटल घ्या, रफ टर्निंगला, कास्टिंगवर मशीनिंगला किती माल सोडलाय बघायला मस्त आहे. तो फ्लँज मात्र अजून मामाच्या टेबलावर आहे, चहाचे ग्लास ठेवायला.