हाव की कानभरणी? आधी ‘मॅकबेथ’ वाचावं की ‘ऑथेल्लो’

कर्तबगार माणूस डोळ्यांदेखत घसरत कसा जातो, त्यात त्याची स्वतःची हाव किती आणि दुसऱ्याची फूस किती, हे ज्याला समजून घ्यायचंय, त्याच्यासमोर शेक्सपिअरची ही दोन नाटकं हमखास येतात. दोन्ही साधारण १६०३ ते १६०६ या काळातली. दोन्हींचे नायक रणांगणावर नाव कमावलेले सेनानी. निबंधासाठी किंवा नुसतं वाचायला एकच निवडायचं असेल आणि विषय हाव हा असेल, तर माझ्या मते ‘मॅकबेथ’च घ्यावं.

कारण ऑथेल्लोला हाव नाहीच. पद आहे, मान आहे, जिवापाड प्रेम करणारी बायको डेस्डिमोना आहे. हाव आहे ती आजूबाजूला. आपल्याऐवजी बढती कॅशिओला मिळाली म्हणून ऑथेल्लोच्या हाताखालचा इयागो जळतोय, वर डेस्डिमोनावर भाळलेल्या रॉड्रिगोची थैलीही रिकामी करतोय. ऑथेल्लोची चूक एवढीच की भलत्या माणसावर विश्वास टाकला. तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश बघा. डेस्डिमोना आणि कॅशिओचं काही चाललंय, असा आरोप इयागो सुरुवातीला करतच नाही. ऑथेल्लो विचारतो, कॅशिओ प्रामाणिक नाही का? इयागो नुसता म्हणतो, प्रामाणिक? ‘तुला काय वाटतं?’ या ऑथेल्लोच्या प्रश्नावरही पुन्हा नुसतं, वाटतं? ऑथेल्लो वैतागून म्हणतो, हा तर माझेच शब्द परत देतोय. कान भरण्याची कला इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच दिसते. डेस्डिमोनाचा रुमाल कॅशिओकडे असल्याचा ‘पुरावा’ येईपर्यंत निम्मं काम झालेलं असतं.

मॅकबेथचं तसं नाही. चेटकिणी त्याला ‘तू राजा होशील’ म्हणतात, ‘राजा डंकनला मार’ म्हणत नाहीत. शेजारी त्याचा जोडीदार सेनानी बँको उभा आहे. त्याच्या वंशात राजे होतील, असं त्यालाही सांगितलं जातं. पण तो लगेच सावध होतो, की काळ्या शक्ती छोटी सत्यं सांगून मोठ्या घातात लोटतात. मॅकबेथच्या मनात मात्र त्याच क्षणी खून येतो. मला हे नाटकाचं मर्म वाटतं.

‘बायकोनेच त्याला बिघडवलं’ असं अनेकजण म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. डंकनला मारू नये याची कारणं तो स्वतःच मोजतो: मी त्याचा नातलग, त्याचा प्रजाजन, आज त्याचा यजमान. आता पुढे जायचं नाही, असंही सांगून टाकतो. मग ती त्याच्या मर्दपणावर घाव घालते आणि तो वळतो. इथवर तिचं पारडं जड. पण बँकोचा काटा काढताना तो तिला विश्वासातही घेत नाही. पहिल्या अंकात चेटकिणी त्याची वाट पाहत होत्या, चौथ्यात तोच त्यांना शोधत जातो. मॅकडफ या सरदाराबद्दल तिथे ‘त्याच्यापासून जप’ एवढंच कानावर पडतं. मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल त्याला कुणीही सुचवलेली नाही.

वाचायला ‘मॅकबेथ’ सोपं पडेल, शेक्सपिअरची सर्वांत छोटी शोकांतिका ती. मराठीतून वाचायचं तर शिरवाडकरांनी ते ‘राजमुकुट’ म्हणून आणलंय. ‘ऑथेल्लो’साठी देवलांचं ‘झुंजारराव’ आहेच. संशय माणसाला कसा पोखरतो, एका विश्वासू माणसाच्या जिभेत किती विष असू शकतं, हा तुमचा विषय असेल तर मात्र बेलाशक ‘ऑथेल्लो’ घ्या. इयागो बाजूला काढला तर तो संसार सुखाने चालला असता, असं मला मनापासून वाटतं.

चेटकिणी काढल्या तर मॅकबेथ वाचला असता का? पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश सावकाश वाचा. तिथे लेडी मॅकबेथ नवऱ्याला आठवण करून देते, की ही गोष्ट माझ्याकडे पहिल्यांदा तूच काढलीस, तीही वेळ आणि जागा जुळलेली नसताना.