येझदी २५० : समजून घ्यावी अशी मोटारसायकल

येझदी २५० मला इतकी प्रिय असण्याचे पहिले कारण म्हणजे तिच्या डाव्या बाजूचा लोखंडी दांडा. याच दांड्याने गाडी सुरू होते आणि याच दांड्याने गिअर पडतात. तो आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, आणि इंजिन सुरू झाल्यावर खाली आणून सोडला की तोच पुन्हा गिअरच्या कामाला लागतो. एवढ्यावर त्याचे काम संपत नाही. गिअर बदलण्यासाठी त्यावर पायाचा दाब पडला की आतली यंत्रणा क्लच स्वतःहून मोकळा करते, त्यामुळे चालत्या गाडीत डाव्या हाताने क्लच न दाबताही गिअर बदलता येतो. जागेवरून निघताना मी क्लच हातानेच सोडतो, परंतु एकदा गाडी चालती झाली की गर्दीच्या रस्त्यावर मनगटाला जो आराम मिळतो तो आजच्या कितीतरी महागड्या गाड्यांतही मिळत नाही.

माझे वडील सोलापुरातील एका कापड गिरणीत फिटर होते. ही गाडी त्यांनी दुसऱ्याच्या हातची घेतली होती, आणि मला ती चालवायला शिकवण्याआधी त्यांनी डावीकडचे झाकण उघडून हा दांडा आत नेमके काय करतो ते दाखवले. ज्याला कुतूहल आहे आणि ज्याच्याकडे नट-बोल्ट खोलायचे चार पाने आहेत, अशा साध्या माणसाला उकलता यावी अशा रीतीनेच येझदीची रचना झाली आहे, हे माझे मत तेव्हापासूनचे आहे, आणि पुढचे सारे परीक्षण याच मतावर उभे आहे.

या रचनेचे मूळ चेकोस्लोव्हाकियात आहे. शस्त्रे बनवणाऱ्या फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले, आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून जावा हे नाव तयार झाले. भारतात ही गाडी आणणारे रुस्तम आणि फारोख इराणी यांनी १९६० मध्ये म्हैसूर येथे आयडियल जावा ही कंपनी स्थापन केली. त्या काळी म्हैसूर राज्याचे राज्यपाल असलेल्या जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले आणि १९६१ पासून म्हैसूरच्या जावा रस्त्यावर दिसू लागल्या. १९७३ च्या सुमारास टाकीवरचे नाव बदलून येझदी झाले. १९७८ मध्ये येझदीचीच १६ अश्वशक्तीची रोडकिंग ही गाडी आली आणि तरुणांमध्ये तिचेच नाव अधिक गाजले. रोडकिंग वेगवान आहे, हे मान्य करूनही मला साधी २५० च अधिक आवडते, कारण तिच्यात घाई नाही.

इंजिन टू-स्ट्रोक (पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जाताच पेट्रोल जळण्याचे एक चक्र पुरे करणारे), एका सिलिंडरचे आणि हवेवर थंड होणारे आहे. सिलिंडर एकच असला तरी धूर बाहेर जाण्यासाठी त्याला दोन तोंडे आहेत, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक लांब सायलेन्सर येतो आणि गाडी समोरून तसेच मागून सारखीच भरदार दिसते. मागची साखळी पूर्णपणे लोखंडी आवरणात बंद असते. सोलापूरसारख्या कोरड्या आणि धुळीच्या मुलखात या आवरणाचे मोल फार मोठे आहे. उघड्या साखळीच्या गाड्यांना उन्हाळाभर साखळी पुसून तेल द्यावे लागते, तर येझदीची साखळी दीर्घकाळ हात न लावता चालते. इंजिनाला वंगण म्हणून लागणारे तेल पेट्रोलमध्येच, लिटरमागे साधारण ४० मिली या प्रमाणात मिसळावे लागते. वेगळी तेलटाकी नाही, वेगळा पंप नाही, आणि म्हणून बिघडण्यासारखेही तेवढे कमी.

मात्र पेट्रोलमधून तेल देण्याच्या या साधेपणाची एक अट आहे, आणि तुळजापूरचा घाट ती नीट शिकवतो. सोलापूरहून जाताना चढावर ही गाडी अतिशय उत्तम वागते. दुसऱ्या गिअरमध्ये, मागे माणूस बसलेला असतानाही, ती कुरकुर न करता वर चढते, कारण तिचा जोर इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच मिळतो. परीक्षा असते ती परतीच्या उतारावर. उतारावर अॅक्सिलरेटर बंद ठेवून गाडी गिअरमध्ये घरंगळू दिली, तर पिस्टन वेगाने फिरत राहतो आणि पेट्रोल मात्र जवळजवळ थांबते; पेट्रोल थांबले की तेलही थांबते. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा सोलापूरचे तापमान ४० अंशांच्या पुढे असते, तेव्हा अशा उतारावर पिस्टन जाम होण्याचा धोका खरा असतो. उपाय सोपा आहे: उतरताना अधूनमधून क्लच दाबून अॅक्सिलरेटर थोडा उघडावा, म्हणजे सिलिंडरला तेलाचा घोट मिळत राहतो. ज्याला हे कारण समजले त्याला ही सवय ओझ्याची वाटत नाही.

सपाटीवर, विशेषतः अक्कलकोटच्या रस्त्याला, ताशी ५० ते ६० किलोमीटरच्या वेगात येझदी सर्वांत सुखाची असते. त्या वेगात इंजिनाला स्वतःचा ठेका सापडतो, हँडलची थरथर कमी होते आणि रुंद सीटवर दोन माणसे ऐसपैस बसून बोलू शकतात. त्याहून पुढे तिला पिटाळण्यात अर्थ नाही.

आता उणिवा. माझ्याकडील गाडीची विद्युत यंत्रणा ६ व्होल्टची आहे आणि तिचा पुढचा दिवा रात्रीच्या महामार्गासाठी अपुरा आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. अंधार पडल्यावर मी तिला शहराबाहेर नेत नाही. ब्रेक ड्रमचे आहेत आणि टू-स्ट्रोक इंजिन स्वतःहून गाडीला फारसे रोखत नाही, म्हणून पुढच्या वाहनापासून बरेच अंतर राखावे लागते. गाडी उभी असताना न्यूट्रल सापडायला त्रास होतो. सिग्नलला पोहोचण्याआधी, चाके फिरत असतानाच तो पाडून घेणे श्रेयस्कर. एका लिटरमध्ये तिशीच्या आसपास किलोमीटर मिळाले तर समाधान मानावे. धूरही आहेच, आणि नव्वदच्या दशकात कडक होत गेलेले प्रदूषणाचे नियम आणि कमी पेट्रोल पिणाऱ्या चार-स्ट्रोक गाड्या यांच्यापुढे म्हैसूरचा कारखाना टिकला नाही. १९९६ मध्ये तो बंद पडला. एवढ्या विचारपूर्वक बनवलेल्या यंत्राचा कारखाना बंद व्हावा याचे वाईट मला आजही वाटते.

कारखाना बंद होऊनही गाड्या चालत राहिल्या, याचे श्रेय गावोगावच्या मिस्त्रींना दिले पाहिजे. सोलापुरात टू-स्ट्रोकचा कान असलेले जुने मिस्त्री आता थोडे उरले आहेत, परंतु झिजलेला सिलिंडर आतून कातून घेणे (बोअर करणे), क्रँकचे बेअरिंग बदलणे, ठिणगीच्या पॉइंटची फट जुळवणे ही कामे समजून करणारा माणूस शोधला तर मिळतो. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा आणि केबली यांसारखा माल अजून विकत मिळतो. मात्र त्याचा दर्जा सारखा नसतो, आणि स्वस्तातला पिस्टन बसवून पुन्हा इंजिन उतरवण्यापेक्षा जुन्या पण मूळ भागाची वाट पाहणे मला योग्य वाटते. सायलेन्सरमध्ये साचणारा कार्बन वेळच्या वेळी काढला, प्लग स्वच्छ ठेवला आणि तेलाचे प्रमाण पाळले, तर इंजिन खोलण्याची वेळ क्वचित येते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा प्रश्न मात्र नवा आहे. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आणि इथेनॉल बनते उसापासून, त्यामुळे त्याविषयी तक्रार करणे मला जड जाते. तरीही ते हवेतील ओल शोषते, जुन्या रबरी सीलना आणि पेट्रोलच्या नळीला त्रास देते आणि टाकी आतून गंजवू शकते. नळी व सील नव्या पेट्रोलला टिकणारे बसवावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावेत.

जानेवारी २०२२ मध्ये क्लासिक लेजंड्स या कंपनीने येझदी हे नाव पुन्हा बाजारात आणले. ती गाडी ३३४ सीसीची, चार-स्ट्रोक आणि पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाची आहे, डिस्क ब्रेकची आहे, आणि रोज दूरचा प्रवास करणाऱ्याने निःशंकपणे तीच घ्यावी. परंतु तिचे झाकण उघडून मुलाला आतले सारे दाखवता येणार नाही, आणि जुनी येझदी ज्यासाठी घ्यावी ते नेमके हेच आहे.

घेणाऱ्याने रंग आणि क्रोम यांवर भुलू नये. ते पैशाने परत येतात. आधी आरसी बुकवरील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. १५ वर्षांपुढील गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो, तेव्हा ते कागद पुरे आहेत ना, हे सोलापूरच्या आरटीओत जाऊन स्वतः विचारावे. मालकाच्या तोंडी आश्वासनावर व्यवहार करू नये. त्यानंतर थंड इंजिनाला किक मारून पाहावी, दोन्ही सायलेन्सरमधून सारखाच धूर येतो का ते पाहावे, आणि चालत्या गाडीत क्लच न दाबता चारही गिअर पडतात का याची खात्री करावी. दांड्याने क्लच सुटत नसेल तर किंमत पाडून मागावी, कारण बहुधा त्याला फक्त बाहेरून जुळवणीची गरज असते आणि ते काम जाणकार मिस्त्री तेथल्या तेथे करून देतो.