सेंटच्या नादात 28,350 रुपये गेले, निदान तुमचे तरी वाचवा

आधीच सांगतो, "मुळात सेंटवर एवढे पैसे घालवायचेच कशाला" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी इथेच थांबा. ते मी घरी, ऑफिसात आणि पोलीस स्टेशनात असं तिन्ही ठिकाणी ऐकून आलोय. आणि हो, बायकोला मी अजून 9,000 चाच आकडा सांगितलाय, त्यामुळे ओळखीच्यांनी वाचलं तर कृपा करून गप्प बसा.

मी या नादात नऊ वर्षं आहे. कपाटात 41 बाटल्या आहेत, डिकँट (मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढलेलं सेंट) किती ते मोजलेले नाहीत. पार्शियल (थोडी वापरलेली बाटली), टेस्टर (दुकानातली नमुन्याची बाटली), स्प्लिट (एक बाटली काही जणांत वाटून घेणं) सगळं करून झालंय, म्हणजे कालचं पोरगं नाही मी. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट अशी की नोकरीला नाशिकमध्ये एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या दर्जा तपासणीला आहे, दिवसभर काम काय तर लेबल बघायचं आणि बॅच नंबर तपासायचा. तोच माणूस लेबल न वाचता फसला. हसा.

विकणारा ठाण्याचा, मराठी बोलणारा, प्रत्येक वाक्यात "दादा". पहिल्यांदा त्याच्याकडून पाच-पाच एमएलचे तीन डिकँट घेतले, 1,850 रुपये, माल एकदम ओरिजिनल, वर बबल रॅप इतका की उघडायला दहा मिनिटं लागली. मग दहा एमएलचा एक, 2,200. तोही चोख. पुढचं तुम्हाला माहितीये, छोटे व्यवहार सरळ करायचे आणि मोठ्याला हात मारायचा, हे काय मी नव्याने सांगायला नको. मलाही माहीत होतं. माहीत असून गेलो.

आमिष होतं जुनं फॅरनहाइट. डिऑरचं, 1988 सालचं सेंट, ज्यांनी लावलंय त्यांना तो पेट्रोलचा वास माहितीये. माझा मामा मस्कतला होता, मी सहावीत असताना सुट्टीवर आला तेव्हा हे लावायचा आणि मला वाटायचं हा आत्ताच राजदूतची टाकी भरून आलाय. पेट्रोल, चामडं आणि मध्येच व्हायलेटच्या पानाचा हिरवा वास. आत्ता दुकानात मिळतं त्यात तो दम राहिलेला नाही, फॉर्म्युला बदलत बदलत पाणी झालंय (माझं मत, भांडू नका). त्यामुळे "1994 ची बॅच, 80 टक्के भरलेली, बॉक्ससकट, 13,500" असा मेसेज रात्री पावणेबाराला आला तेव्हा माझं डोकं जाग्यावर नव्हतं. सोबत ग्रीन आयरिश ट्वीडची 70 एमएल पार्शियल, 16,000. कूल वॉटर हे सेंट आवडणाऱ्या कुणालाही विचारा, त्याच्या तीन वर्षं आधी, 1985 ला क्रीड कंपनीने हे ट्वीड काढलं आणि एकदा लावलं की कूल वॉटर फिकं वाटतं. दोन्ही मिळून 29,500, "दादा तुमच्यासाठी 28,000", कुरिअरचे 350 वेगळे. रात्रीच 5,000 टोकन पाठवलं, सकाळी बाकीचे 23,350. यूपीआयवर नाव दुसऱ्याच कुणाचं आलं, म्हणाला आईचं खातं आहे. हं.

पण ते नाव बघून मी थांबलो नाही याचं मला तेवढं वाईट वाटत नाही, तसं खरंच असू शकतं. वाईट वाटतं त्या फोटोचं. त्याने बॉक्सच्या तळाचा फोटो पाठवला होता, स्वच्छ, उजेडात काढलेला. मी झूम करून फक्त बॅच कोड बघितला. डिऑरच्या कोडात पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, तिथे 4 होता, मी खूष, 94! अरे बाबा, 4 म्हणजे 1994 होतो तसा 2004 पण होतो आणि 2014 पण होतो. आणि त्या कोडच्या वरच, अर्ध्या इंचावर, घटकांची लांबलचक यादी छापलेली होती, लिनालूल, लिमोनीन, कुमारिन, सिट्राल. युरोपात ॲलर्जीवाल्या 26 घटकांची नावं छापायचा नियम 2003 ला आला आणि 2005 पासून लागू झाला. त्याआधीच्या बॉक्सवर ही नावं नसतात. म्हणजे यादी आहे याचा अर्थ 94 ची बाटली नाही, विषय संपला. आणि हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, दोनच महिन्यांपूर्वी एका नवीन पोराला मी स्वतः चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज करून हेच समजावलं होतं. तो मेसेज अजून आहे माझ्याकडे. परवा ऐकला. काय तो आवाजातला शहाणपणा.

बरं, नावाची चिठ्ठी ठेवून काढलेला फोटो मी मागितला होता, त्याने दिला होता, त्यामुळे अगदीच बेफिकीर होतो असं कुणी म्हणू नये. पण ती चिठ्ठी बाटलीच्या पुढून होती. चिठ्ठीचा फोटो नका मागू, व्हिडिओ मागा, आजच्या तारखेची चिठ्ठी, बाटली हातात घेऊन पूर्ण फिरवलेली, तळ, बॉक्सचा तळ आणि मानेभोवतीचा पत्रा सगळं एकाच शॉटमध्ये.

पैसे गेल्यावर मग "दादा सेंटमध्ये अल्कोहोल असतं, विमानाने घेत नाहीत, सरफेसने येतंय." हे खरंच असतं, म्हणून तर गंडलो. ज्वलनशील माल रस्त्याने पाठवतात, आठ-दहा दिवस लागतात, आपल्याला सवय असते, आपण गप्प बसतो आणि तेवढ्या दिवसांत तिकडचं खातं रिकामं होतं. अकराव्या दिवशी पार्सल आलं. एकच बाटली. ट्वीड "दुसऱ्या पार्सलमध्ये" होती, ती आजतागायत रस्त्यातच आहे.

स्प्रे मारला, पहिली दोन मिनिटं पेट्रोलसारखं काहीतरी आलं आणि मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग गोडसर, मग रूम फ्रेशनर, वीस मिनिटांत मनगट कोरडं. आणि मी काय केलं? जुन्या बाटल्यांची टॉप नोट, म्हणजे लावल्या लावल्या येणारा पहिला वास, कधी कधी बिघडते, अशी स्वतःची समजूत काढून आणखी एक दिवस घालवला! दुसऱ्या दिवशी भिंगाने बघितलं तर मानेच्या पत्र्यावर पकडीचे ओरखडे. नवीन बॅचची रिकामी बाटली, स्प्रे उपटून आत दोनशे-तीनशे रुपयांचं क्लोन, म्हणजे स्वस्त नक्कल, भरलेलं आणि परत दाबून बसवलेलं. रिकाम्या बाटल्या आपणच देतो ना भंगारात, मी पण दिल्यात. यापुढे टाकताना स्प्रे तोडून टाका, बॉक्स फाडून टाका.

तोवर त्याने मला ब्लॉक केलेलं.

आता पुढची गंमत. बँकेत गेलो तर "सर, ट्रान्झॅक्शन तुम्ही स्वतः पिन टाकून केलंय." हो बाबा, मीच केलंय, म्हणून तर आलोय, चोराने केलं असतं तर चोर आला असता. पोलीस स्टेशनात ठाणे अंमलदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे अठ्ठावीस हजारांचा सेंट?" शेजारच्याला हाक मारून परत सांगायला लावलं. मग म्हणे माल तर मिळालाय, मग फसवणूक कशी, हे दिवाणी आहे. मी म्हटलं दोनातली एक बाटली आलीच नाही आणि आली ती नकली. तर म्हणे नकली आहे हे कशावरून, प्रयोगशाळेचा रिपोर्ट आणा. मी स्वतः प्रयोगशाळेत काम करतो हो! एकाने तर बाटली घेऊन हातावर दोन फवारे मारले आणि "चांगला तर आहे" म्हणाला. पुरावा आहे तो, निदान पुरावा तरी उडवू नका. शेवटी अर्ज घेतला, आवकचा शिक्का मारला, एफआयआर नाही. सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले रक्कम लहान आहे, तुमच्या स्थानिक स्टेशनलाच होईल. परत स्टेशन, तर साहेब बंदोबस्ताला. परत गेलो, साहेब मीटिंगला. तीन अर्ध्या रजा गेल्या माझ्या, त्याचा हिशोब 28,350 मध्ये धरलेलाच नाही. शेवटी एकाने खरं काय ते सांगितलं, "अकरा दिवसांनी आलात, खात्यात आता काय असणार, लगेच यायचं ना." लगेच कसा येणार, अकरा दिवस मी पार्सलची वाट बघत होतो, मला स्वप्न पडणार होतं का?

तर एवढं ऐका, शंका आली त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पार्सलची वाट बघू नका, व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा संदर्भ क्रमांक) हाताशी ठेवा, पैसे खात्यात असतील तरच गोठवता येतात. माल मिळाला म्हणून दिवाणी आहे असं म्हणाले तर भारतीय न्याय संहितेचं कलम 318 सांगा, जुनं 420 तेच, आणि अर्ज लेखीच द्या, शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय हलू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता, घाई झाली होती. आणि दोन छोटे व्यवहार नीट झाले म्हणजे माणूस नीट असं नसतं, तो त्याचा जाहिरातीचा खर्च असतो. माझे 4,050 रुपयांचे खरे डिकँट त्याने असेच खर्चात टाकले असणार.

सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर माझी तक्रार अजून "अंडर प्रोसेस" आहे. परवा त्याच बॉक्सच्या तळाचा तोच फोटो एकाने मला पाठवला, वेगळ्या नावाने, वेगळ्या नंबरवरून, "दादा बघा ना, 94 ची आहे, घेऊ का?" ज्याला व्हॉइस मेसेज केला होता तोच पोरगा. त्याने यादी वाचली होती, त्याला फक्त खात्री करून घ्यायची होती. किंमत 12,500 लावलीय. माझ्याकडून 13,500 घेतले होते नालायकाने.