गणितासाठी ‘चुकांची वही’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माध्यमिक गणिताच्या तयारीत चुकांची वही ठेवा, असं सगळेच सांगतात. त्या वहीत नेमकं काय लिहायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. परिणामी बहुतेक वह्या दुसऱ्या महिन्यातच बरोबर उत्तरांच्या सुवाच्य नकला होऊन बसतात. तशी वही पुन्हा वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरात तीच चूक पुन्हा होते.

आठ महिने टिकलेली मांडणी अशी. २०० पानी शिवलेली वही. सुट्या कागदांचा नाद नको, परीक्षेपर्यंत निम्मे हरवतात. डाव्या पानावर प्रश्न आणि आपली चुकलेली ओळ, जशीच्या तशी. उजव्या पानावर तीनच गोष्टी: चुकीचं कारण एका वाक्यात, दुरुस्त ओळ आणि पुढच्या वेळी ही चूक पकडेल असा पडताळा. पूर्ण उत्तर उतरवायचं नाही. एका नोंदीला तीन-चार मिनिटं पुरतात. दहा लागत असतील तर नक्कल चालू आहे.

सगळी मेहनत कारणाच्या वाक्यात आहे. ‘चिन्ह चुकलं’, ‘लक्ष नव्हतं’ ही कारणं नव्हेत. ७ − २(क्ष − ३) सोडवताना ७ − २क्ष − ६ लिहिलं गेलं, तर नोंद अशी हवी: ‘−२ने गुणायच्या जागी दुसऱ्या पदाला नुसतं २ने गुणलं.’ पडताळा: क्ष = ३ ठेवा. कंस शून्य होतो, म्हणजे किंमत ७ यायला हवी. चुकीच्या ओळीत −५ येते, दुरुस्त १३ − २क्ष मध्ये ७. एवढा पडताळा दहा सेकंदांत होतो, पेपरातही.

काही चुका फसव्या असतात, कारण प्रत्येक पायरी बरोबर दिसते. क्ष² = ५क्ष या समीकरणाला क्षने भागलं की ५ मिळतो, पण ० हे उत्तर गायब होतं. उलट √(क्ष + ६) = क्ष याचा वर्ग केला की ३ आणि −२ अशी दोन उत्तरं येतात, त्यातलं −२ खोटं: डावीकडे √४ म्हणजे २, उजवीकडे −२. वहीत या दोन नोंदी समोरासमोर ठेवाव्यात. चलाने भागताना उत्तर हरवतं, वर्ग करताना उपरं उत्तर घुसतं.

कॅल्क्युलेटरच्या चुकांना वेगळं पान दिलेलं बरं. साइन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी −०.९८८ आलं तर यंत्र अंशांऐवजी रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात आहे, ०.४५४ आलं तर ग्रेडियन या तिसऱ्या एककात. पेपर हातात येताच हीच चाचणी आधी करायची. दुसरी नोंद मधल्या पायरीत पूर्णांकन करण्याची. १२ ला साइन ३५° ने भागताना साइनची किंमत आधीच ०.५७ केली तर २१.१ येतं, खरं उत्तर २०.९. पूर्णांकन शेवटच्या ओळीत, तेही प्रश्नात सांगितलं असेल तेवढंच.

उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी, उजवं पान झाकून आणि पेन हातात घेऊन. अशा उजळणीच्या समर्थनार्थ जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांच्या १८८५ मधल्या विस्मरणाच्या प्रयोगांचा दाखला नेहमी दिला जातो. ते प्रयोग निरर्थक अक्षरगटांच्या पाठांतरावर होते, गणितावर नव्हेत, आणि इथे नेमकी अडचण येते. तिसऱ्या वेळेपर्यंत उत्तरच पाठ झालेलं असतं. म्हणून आकडे बदलावे लागतात, तेही वाटेल तसे नाही, नाहीतर अवयव पडणार नाहीत. वर्गसमीकरण हवं असेल तर आधी मुळं ठरवा. ४ आणि −७ घेतली तर बेरीज −३, गुणाकार −२८, म्हणून क्ष² + ३क्ष − २८ = ०. सलग दोनदा नव्या आकड्यांवर जमलं की नोंदीवर काट मारायची.

वही कमी पडते ती भूमितीत. सिद्धता अडते तेव्हा डाव्या पानावर लिहायला चुकलेली ओळच नसते. तिथे ‘दिलेल्यापैकी काय वापरलं नाही?’ एवढंच लिहिलेलं कामाला आलं. स्पर्शिका दिली असेल तर स्पर्शबिंदूपर्यंतची त्रिज्या काढून काटकोन मिळवा. दोन बाजूंचे मध्यबिंदू दिले असतील तर ते जोडा, तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मा रेषाखंड मिळतो. एकाच धड्याच्या पाच नोंदी झाल्या तर वही बाजूला ठेवून धडाच पुन्हा करावा. पाया कच्चा असताना नोंदी वाढवणं म्हणजे गळक्या नळाखाली बादल्या बदलणं.

परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत वहीला वेळ लावून सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांची जोड हवी. समजा ८० गुण आणि १२० मिनिटं. तपासणीला १० मिनिटं राखली तर गुणामागे साधारण १ मिनिट २२ सेकंद, म्हणजे ४ गुणांच्या प्रश्नाला साडेपाच मिनिटं. त्यापुढे अडलं तर जागा सोडून पुढे जायचं. पण समीकरण मांडून ठेवायचं, कारण पायऱ्यांना गुण असतात तिथे कोरी जागाच सर्वांत महाग पडते. एका पेपरातून वहीत जास्तीत जास्त चार नोंदी, एरवी उजळणीचं ओझं पेपर सोडवण्याचाच वेळ खातं.

मोबाइलवर चुकांचे फोटो काढून ठेवण्याचा पर्यायही वापरून झाला. साठतात भरपूर, उघडले जात नाहीत. शेवटच्या संध्याकाळी कागदी वहीची काट न मारलेली उजवी पानं अर्ध्या तासात चाळून होतात, आणि त्या दिवशी नवा पेपर काढायचा नाही.