बोर्डवाल्याला बोलवायचं की परवानावाल्याला?

गणपती पेठेत दुकानाच्या पाटीवरचं एखादं अक्षर विझलं की आपण बोर्डवाल्याला फोन लावतो. बहुतेक वेळा तेच बरोबर असतं. एलईडी पाटीत मॉड्यूलला, म्हणजे दिव्यांच्या छोट्या तुकड्याला, जाते ती सहसा १२ व्होल्टची डीसी वीज. पाटी उघडायची, काळं पडलेलं मॉड्यूल काढायचं, नवं जोडायचं. शिडीवर चढून अर्ध्या तासात काम उरकतं, पैसेही बेताचे.

पण त्याच पाटीच्या मागे घरच्या विजेची डीसी करणारा पॉवर सप्लाय असतो आणि त्याच्या एका बाजूला २३० व्होल्ट. खरी हद्द इथं सुरू होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत दिवा, फ्यूज, स्विच बदलण्यासारख्या किरकोळ कामांना सूट आहे, तीही मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर. मीटरपासून नवी वायर ओढणं, एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच) बसवणं, जुन्या पॉइंटवर दुसरी पाटी चढवणं, ही कामं राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराची. हात लावणारा परमिटवाला हवा, देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्रवाला.

ठेकेदार महाग पडतो, आणि दोन फोन केल्याशिवाय येत नाही, हे खरं. पण तो अर्थिंग तपासतो. आमच्या पाटीची पत्र्याची चौकट पहिल्या पावसात झिणझिण्या द्यायला लागली, तेव्हा बोर्डवाल्याने अर्थिंगची हिरवी वायर न जोडता नुसती गुंडाळून ठेवलेली सापडली!

जुनी निऑन पाटी असेल तर बोर्डवाल्याचा विचारच नको. तिथं ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्ट निघतात.