बॅटरी ठणठणीत, पण स्क्रीनने घाबरवलं: नऊ वर्षं जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा अनुभव

गाडी सेकंड हँड घेतली तेव्हा बॅटरी दोनदा तपासून घेतली होती. ती आजही उत्तम आहे. टचस्क्रीन मात्र मी गाणी आणि नकाशापुरतीच धरली होती, नीट बघितलीच नाही.

आधी कडा पिवळ्या पडल्या. मग खालच्या कोपऱ्यात बुडबुडा आला, आणि एका कडक उन्हाच्या दुपारी तिथून ओल्या डिंकासारखा चिकट द्रव ओघळून खालच्या कप्प्यावर आला. पुसला तर बोटाला तार सुटली. स्क्रीनचे थर एकमेकांना गोंदाने चिकटवलेले असतात आणि बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते, त्यात तो गोंद सैल होतो. पुढे खालच्या पट्टीला बोट लावलेलं कळेनासं झालं. काचेवरची वाफ घालवायचं बटण नेमकं त्याच पट्टीत!

मग पावसातला तो दिवस. आई शेजारी बसली होती. चालत्या गाडीत स्क्रीन काळी झाली. इंडिकेटर दिला तर नेहमीची टकटक नाही, कारण तो आवाजही स्क्रीनच्याच कॉम्प्युटरमधून येतो. पाहता पाहता समोरची काच आतून पांढरी झाली. आईने पदराने माझ्यासमोरचा वीतभर भाग पुसला, मी खिडकी उघडली आणि अंदाजानेच गाडी कडेला घेतली. ब्रेक, स्टीअरिंग, मोटर सगळं व्यवस्थित चालू होतं. मला भीती वाटते ती याचीच: गाडी पळत राहते, फक्त पुढचं दिसत नाही.

सर्व्हिस सेंटरवर उत्तर मिळालं, "हे इन्फोटेनमेंट, म्हणजे माहिती-करमणुकीची सोय आहे, सेफ्टीत येत नाही. वॉरंटी संपली, पूर्ण युनिट बदला." हे मला अजिबात पटलेलं नाही. काच स्वच्छ करणं आणि रिव्हर्स कॅमेऱ्यातून मागचं दिसणं ज्या वस्तूवर अवलंबून आहे, ती करमणुकीची कशी?

माझी गाडी टेस्ला नाही, पण त्यांचं उदाहरण इथे लागू पडतं. जुन्या मॉडेल एस आणि एक्समध्ये 8 जीबीची मेमरी चिप होती. अशा चिपवर ठरावीक वेळाच लिहिता येतं, आणि गाडी सतत नोंदी लिहीत राहते. चिप झिजली की स्क्रीन सुरूच होत नाही. रिव्हर्स कॅमेरा, डीफॉगर (काचेवरची वाफ घालवायची सोय) आणि इंडिकेटरचा आवाज जातो म्हणून अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने जानेवारी 2021मध्ये हा सुरक्षेचा दोष असल्याचा प्राथमिक निष्कर्ष काढला. पुढच्याच महिन्यात सुमारे 1 लाख 35 हजार गाड्यांचा रिकॉल झाला, म्हणजे त्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, आणि 64 जीबीची चिप फुकट बसवून दिली गेली. मग बाकीच्यांची स्क्रीन करमणूक कशी ठरते?

गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने 2026पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, हॅझर्ड दिवे यांना स्वतंत्र बटणं किंवा दांड्या असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलं. त्यात डीफॉगरही हवा होता.

जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर ती तासभर उन्हात उभी राहिल्यावर बघा. स्क्रीनच्या कडांवरून बोट फिरवा. रिव्हर्स टाकल्यावर कॅमेरा किती वेळाने येतो ते मोजा. वाफ घालवायचं बटण पाच-सहा वेळा दाबून बघा, आणि एकदा जरी अडलं तरी स्क्रीन बदलायचा खर्च धरूनच बोलणी करा.

गाडीला पाचपैकी चार, स्क्रीनला एक. नवीन युनिट यायचंय. तोवर दाराच्या कप्प्यात कोरडं फडकं ठेवलंय, आणि आभाळ भरून आलं की गाडी बाहेर काढत नाही.