ऑटो एसीची टेम्परेचर फ्लॅप मोटर बदलली, त्यानंतरचा उन्हाळा, पावसाळा, हिवाळा : जळगावचा अनुभव

आधी थोडक्यात सांगतो, मग लांबण लावतो. गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली डिझेल सेडान, ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलवाली (आपण डिग्री लावायची, बाकी गाडी बघते), सिंगल झोन, म्हणजे सगळ्या केबिनला एकच टेम्परेचर. मार्चच्या शेवटी तिची टेम्परेचरची फ्लॅप मोटर (गार-गरम हवेचं मिश्रण ठरवणारी फ्लॅप हलवते ती) बदलली, ओरिजिनल टाकली, आणि आता संक्रांत होऊन गेली तरी २४ लावलं की २४ सारखंच वाटतं. मोटरीवर खूश आहे. गाडीच्या बाकी एसी-हीटरबद्दल मात्र थोडं चांगलं थोडं वाईट, ते खाली येईलच.

आपल्याकडे एसी गार करत नाही म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं. धुळ्याला हायवेवरच्या एका एसीवाल्याकडे गाडी उभी केली तर बॉनेट उघडायच्या आधीच तो म्हणे, "गाडीना गॅस उतरी गया भाऊ, भरी टाकूत." अरे बाबा, गॅसचं प्रेशर बघायचं मीटर तरी लाव. गॅस बंद पाइपातच गोल फिरत असतो, जळत नाही की संपत नाही, वर्षानुवर्षांत होजमधून थोडा झिरपतो ते सोडा, पण एका सीझनमध्ये कमी झाला म्हणजे कुठूनतरी लीक आहे आणि आधी ते शोधायला पाहिजे. शोधायचं नाही, नुसता मारायचा आणि पुढच्या वर्षी परत मारायचा, असा हा धंदा चाललाय. आणि जास्त मारला तरी एसी गरमच फेकतो हे कोणी सांगत नाही. बॉनेटखाली स्टिकर असतं, किती ग्रॅम गॅस ते त्यावर लिहिलेलं असतं, साधारण छोट्या-मध्यम गाड्यांना अर्धा किलोच्या आसपास. तेवढा वजन करून भरायचा, हाताला पाइप गार लागला की बस झालं असा नाही.

आता आमच्या गाडीचं दुखणं काय होतं ते बघा. सकाळी गाडी काढली की पहिली दहा-पंधरा मिनिटं एसी झकास. मग इंजिनच्या टेम्परेचरचा काटा मधोमध आला की हवा हळूहळू कोमट. फॅन तोच, हवेचा जोर तोच, फक्त गारवा गेला. मधूनच डॅशबोर्डच्या आतून टक टक टक असा आवाज, पालीसारखा. २२ वरून एकदम लो वर नेलं की कधी गार व्हायचं, कधी ढिम्म. एरंडोल येईपर्यंत छान आणि पारोळ्याला घामाघूम असा कारभार.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली की निम्मं काम होतं. गाडीत गार करणारी जाळी वेगळी असते आणि गरम करणारी वेगळी. गरम जाळीतून इंजिनचं कुलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) फिरत असतं, बऱ्याच गाड्यांत बारा महिने, एसी चालू असला तरी. बाहेर येणारी हवा किती गार ठेवायची ते मधली एक प्लास्टिकची फ्लॅप ठरवते, बाथरूममधला मिक्सर नळ असतो ना अगदी तसं. साध्या गाडीत ती फ्लॅप नॉबला केबलने बांधलेली असते, ऑटोवाल्या गाडीत एक छोटी मोटर ती हलवते आणि आत्ता फ्लॅप कुठे आहे ते कंट्रोल युनिटला कळवत राहते. या मोटरीचे गिअर प्लास्टिकचे. एक दात गेला की मोटर फिरते, फ्लॅप हलत नाही, किंवा अर्ध्यात अडकते. मग एसी बिचारा मुकाट गार करत राहतो आणि शेजारची हीटरची जाळी त्यात गरम हवा मिसळत राहते. इंजिन गार असतं तोवर त्या जाळीतलं पाणीही गार, म्हणून सकाळी पहिली पंधरा मिनिटं झकास.

ओळखायचं कसं, तर आमच्या जळगावच्या फिटरने जे केलं ते सांगतो, कारण पैसे त्याचेच खरे वसूल झाले. मीटर लावलं, दोन्ही प्रेशर ठीक. केबिनकडून कॉम्प्रेसरकडे परत येतो त्या जाड पाइपला हात लावला, चांगलाच गार. म्हणजे थंडी तयार होतेय. मग वायरवाला डिजिटल थर्मामीटर, माशांच्या टाकीत लावतात तो स्वस्तातला, मधल्या व्हेंटमध्ये खोचला. इंजिन गरम, सेटिंग लो, रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवायचं बटण) चालू आणि व्हेंटला १९ डिग्री. मग त्याने हीटरकडे जाणारा रबरी होज कपडा लावून चिमट्याने दाबून धरला आणि बघता बघता १९ चे ९ झाले. एवढ्यावर निकाल लागला. गॅसचा काही संबंध नाही.

गार करणाऱ्या जाळीवर बर्फ धरतो तेव्हाही एसी आधी गार आणि मग गरम असंच होतं, पण त्यात हवेचा जोरच कमी होत जातो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की परत येतो. तिथे जाळीच्या टेम्परेचर सेन्सरवर संशय घ्यायचा. आणि डावीकडे गार उजवीकडे गरम येत असेल तर मात्र लगेच फ्लॅपच्या मागे लागू नका, गॅस खरंच कमी असला तरी जाळी अर्धीच गार होते आणि असाच फरक पडतो. ड्युअल झोनवाल्या गाडीत दोन्ही बाजूंच्या फ्लॅप वेगळ्या असतात म्हणून तिथे जास्तच गोंधळ होतो. सिग्नलला गरम आणि हायवेवर गार असेल तर पुढचा फॅन आणि कंडेन्सर (गाडीच्या पुढची, एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) बघा. आपल्याकडे कपाशीच्या सीझनमध्ये जिनिंगच्या भागातून रोज जाणाऱ्यांचा कंडेन्सर नुसता रुईने भरलेला सापडतो, मी बघितलाय, पाण्याने हलक्या हाताने धुतला की अर्धा आजार बरा.

तर होज दाबून निकाल लागल्यावर फिटर म्हणे, "भो, हा होज असाच बायपास करून देऊ का? जळगावात हीटर कोण लावतं?" शंभर-दोनशेचं काम. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाणाऱ्या गावात हे वाक्य पटण्यासारखं आहे आणि निम्म्या जुन्या गाड्या अशाच फिरतायत. मी नाही म्हटलं. एक तर डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा १० च्या खाली जातो, कधी कधी बराच खाली, आणि दुसरं म्हणजे पावसाळ्यात काच साफ करायला एसी आणि हीटर दोन्ही एकत्र लागतात. एसी हवेतला ओलावा काढतो आणि हीटर ती कोरडी हवा गरम करून काचेवर मारतो. नुसती बर्फासारखी हवा काचेवर मारली तर दमट दिवसात काचेच्या बाहेरून धुकं धरतं, मग वायपर मारत बसा.

मोटर ओरिजिनल साधारण तीन हजाराला पडली, मागवावी लागली, लोकल हजाराच्या आत मिळते. आमच्या गाडीत ती ड्रायव्हरच्या पायाजवळ मधल्या कन्सोलच्या आत आहे, त्यामुळे डॅशबोर्ड उतरवावा लागला नाही. काही गाड्यांत पूर्ण डॅश उतरवावा लागतो, तिथे मजुरीच पार्टच्या वर जाते, हे आधी विचारून घ्या. भाच्याची हीच गाडी हेच मॉडेल, त्याने लोकल टाकली, उन्हाळा बरा काढला आणि दिवाळीच्या सुमारास परत टकटक. पैसे त्याचे, मी काही बोललो नाही, पण माझं मत लोकलच्या विरोधात पक्कं झालंय.

उन्हाळ्याचा अनुभव : मे महिन्यात दुपारी जळगाव-भुसावळ, बाहेर ४४-४५, चालत्या गाडीत व्हेंटला १० ते १२ येत होतं, याच्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. उन्हात उभी केलेली गाडी भट्टी झालेली असते तेव्हा आधी काचा खाली करून मिनिटभर चालवायची, मग रीसर्क्युलेशन. एक तक्रार, रेल्वे फाटकाला उभं राहिलं की १५-१६ वर जातं. फॅन ठीक आहे, कंडेन्सर धुतलेला आहे, गाडीचाच स्वभाव आहे असं समजून सोडून दिलंय.

पण तरीसुद्धा सुरुवातीला २४ लावल्यावर जरा गरमच वाटायचं. ते निघालं सेन्सरचं. स्टीअरिंगजवळ एक छोटी जाळी असते, तिच्यातून केबिनची हवा ओढून आतला सेन्सर मोजमाप करतो, ती धुळीने बुजली होती, ब्लोअरने हलक्या हाताने साफ केली. आणि दुसरं म्हणजे डॅशबोर्डवर काचेजवळ एक काळं बटणासारखं असतं तो उन्हाचा सेन्सर. त्याच्यावर बरोबर सप्तशृंगी मातेची मूर्ती बसवलेली होती, आधीच्या मालकापासून. ऊन लागतंय हे गाडीला कळणार कसं? मूर्ती हलवायची तर घरच्यांची परवानगी लागली, मंगळवारी पूजा करून चार बोटं उजवीकडे सरकवली. फरक पडला, दुपारी फॅन आपोआप वाढायला लागला.

पावसाळ्यात विशेष काही नाही. फ्रेश एअर, एसी चालू, २५-२६, काचेवर हवा, आणि काच पटकन साफ. फक्त जुलैत शेजारच्या सीटखालचं कार्पेट ओलं झालं तेव्हा घाबरलो होतो की हीटरची जाळी फुटली. बोट लावून बघितलं, साधं पाणी. एसीचा ड्रेन पाइप चिखलाने बुजला होता. जाळी फुटली असती तर चिकट, गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट थर आला असता, शिवाय कुलंटची टाकी उतरली असती. टाकी बघायची ती इंजिन गार झाल्यावरच, इंजिन गरम असताना टाकीचं झाकण उघडू नका, तोंड भाजतं.

खरी गंमत हिवाळ्यात. शेतात भरीत पार्टी होती, रात्री परत निघालो, चांगलीच थंडी, हीटर हाय वर आणि हवा कोमट. मनात आलं, गेली मोटर. पण टकटक नाही. काटा बघितला तर गावात मधोमध आणि मोकळ्या रोडवर निघालं की खाली खाली. दुसऱ्या दिवशी फिटरने हीटरच्या दोन्ही होजला हात लावला, दोन्ही सारखेच कोमट. एक गरम आणि एक गार असता तर जाळी चोक म्हटलं असतं. त्याने थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) हाउसिंग उघडलं आणि हसायलाच लागला, आत थर्मोस्टॅटच नाही! आधीच्या कुठल्या तरी मिस्तरीने "उन्हाळ्यात इंजिन तापतं" म्हणून काढून फेकलेला. तो नसला की कुलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, थंडीत मोकळ्या रोडवर इंजिन हवं तेवढं तापतच नाही, डिझेल तर नाहीच, मग हीटरला ऊब यायची कुठून. इंजिन तापत असेल तर रेडिएटर, फॅन, वॉटर पंप बघायचा, थर्मोस्टॅट काढणं हा इलाज नाही पण आपल्याकडे सर्रास करतात. कंपनीने ठरवलेल्या डिग्रीला उघडणारा नवीन थर्मोस्टॅट टाकला, कुलंट भरून हवा काढली, आता काटा हायवेवरही जागचा हलत नाही आणि हीटर दहा मिनिटांत खणखणीत. ॲव्हरेजही जरा सुधारलंय असं वाटतं, मोजून बघितलेलं नाही.

मोटरीबद्दल एक बारीक गोष्ट राहिली. मध्ये बॅटरी बदलली तेव्हा फ्लॅपला आपली जागा आठवेना, लो वर पण कोमट यायला लागलं. आमच्या गाडीत इग्निशन ऑन करून एसीच्या बटणांना हात न लावता मिनिटभर ठेवलं की ती एकदा या टोकाला एकदा त्या टोकाला जाऊन स्वतः सेट होते. प्रत्येक मॉडेलची रीत वेगळी, काहींना स्कॅनर लावावा लागतो. बॅटरी काढल्यानंतर एसी बिघडला तर लगेच नवीन मोटर विकत घेऊ नका.

एकूण खर्च मोटर, मजुरी, थर्मोस्टॅट, कुलंट धरून सहा हजाराच्या आतबाहेर. धुळ्याच्या त्या भाऊकडे गॅस मारला असता तर दोन-अडीच हजार गेले असते आणि एसी तसाच राहिला असता. आता आठवड्यापासून दुसऱ्या मोटरीतून, हवा पायाकडे की काचेकडे ठरवते तिच्यातून, हलकी टकटक यायला लागलीय. अजून हवा बरोबर जागी जाते आहे म्हणून हात लावलेला नाही, पण ती आमच्या मॉडेलला डॅश न उतरवता निघते का हे कोणी करून बघितलं असेल तर सांगा, फिटर म्हणतो निघते, पण पार्टवाला म्हणतो अजिबात नाही.